तेर गावी तीन दिवस

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी पंढरपूर पाहिले असेल. कोणी तुळजापूर केले असेल, कोणी औंढ्याचा नागनाथ पाहिला असेल. आज आम्ही तुम्हाला अशा एका गावी नेणार आहोत, की जेथे गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. पहिल्या दिवशी आम्हालाही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी दिसले. त्या तीन दिवसांची ही हकिगत आहे.

१. निघण्याआधी

बोरी हे आमचे गाव. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात आहे. हेडमास्तरकीतून मोकळे झाल्यावर आम्ही गावात मोठ्या माणसांचा रात्रीचा वर्ग घेऊ लागलो. त्या वर्गात एक कुंभारमामा येतात. वय साठीला टेकलेले. दोन वर्षांत ते वाचायला शिकले. आता एस. टी.ची पाटी, औषधाची चिठ्ठी, खताची गोणी, दिसेल ते वाचतात. लिहायला मात्र अजून कचरतात. "गुरुजी, चाकावर हात फिरतो, कागदावर अडतो," असे म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात मामांच्या घरी एक पेच पडला. त्यांच्या पुतण्याच्या शेतात एक टेकाड आहे. गावात त्याला पांढर म्हणतात. आपल्याकडे पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जमिनीला पांढरी म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. फार पूर्वी त्या टेकाडावर वस्ती होती, ती उठली, एवढेच म्हातारी माणसे सांगतात. आता तेथे बाभळी माजल्या आहेत.

एका वीटभट्टीवाल्याने ती माती मागितली. पैसे रोख देतो म्हणाला. पुतण्याला विहिरीवरच्या मोटारीसाठी पैसे हवे होते. त्याने चुलत्याला विचारले, "काका, देऊन टाकू का?"

मामा म्हणाले, "मी गुरुजींसंगं गोरोबाकाकांच्या दर्शनाला चाललोय. तेरहून आलो, की सांगतो. तवर थांब."

संत गोरा कुंभार हे तेरचे. कुंभार समाजाला त्यांचे गाव म्हणजे माहेरच. मामांना दर्शन घ्यायचे होते. आम्हाला तेर पाहायचे होते ते निराळ्या कारणाने. आम्ही वाचले होते, की दोन हजार वर्षांपूर्वी तेथे मोठे शहर होते. त्याचे नाव तगर. त्या शहराचा माल पार रोमच्या मुलखात जात असे. तेव्हा आम्ही दोघे एकाच पिशवीत भाकरी बांधून निघालो. बोरीहून परभणी, परभणीहून लातूर, लातूरहून ढोकी आणि ढोकीहून तेर.

२. पहिला दिवस : शहर दिसेना

तेर हे धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. आम्ही उतरलो तेव्हा दुपार झाली होती. नदीला पाणी बेताचेच होते. आसपास तूर आणि ज्वारी उभी होती. पाराखाली माणसे बसली होती. चहाची दुकाने, पिठाची गिरणी, शाळेतून येणारी पोरे. जसे आपले गाव, तसेच ते गाव.

मामांनी चहूकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, तुमचं शहर कुठं हाय?"

आम्हालाही तोच प्रश्न पडला होता. मनात आम्ही तट, वेशी, रुंद रस्ते, मोठे वाडे असे काही धरून आलो होतो. तसले काहीच नव्हते. आधी गोरोबाकाकांचे दर्शन घेतले. समाधीजवळ मामा बराच वेळ बसले.

गोरोबांची एक कथा सर्वांना माहीत आहे. त्यांच्या घरी संतमंडळी जमली होती. कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे कुंभार थापटण्याने वाजवून ओळखतो. गोरोबांनी तसेच संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून पाहिले. नामदेव मात्र रागावले. गोरोबा म्हणाले, हे मडके अजून कच्चे आहे. नामदेव आपल्याच भागातले, नरसीचे. पुढे ते औंढ्याला गेले, तेथे त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले, अशी कथा आहे. मामा ही कथा सांगताना नेहमी म्हणतात, "वाजवून बघितल्याबिगर कळत न्हाई."

देवळाबाहेर एक आजीबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना विचारले, "आजी, येथे जुने शहर होते म्हणतात, ते कोणत्या बाजूला?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही उभं हाईत त्येच्या खालीच हाय की!"

आम्ही खाली पाहिले. मग गावाबाहेर चालत गेलो. गावाच्या आजूबाजूला मातीची टेकाडे आहेत. एका टेकाडाच्या कडेला पावसाने माती कापली होती. तेथे उभे राहून नीट पाहिले, तर मातीत रेघा दिसल्या. एक रेघ राखेची, तिच्यावर पिवळ्या मातीची, मग तांबड्या खापरांची, वर पुन्हा राखेची. लग्नातल्या पापडांची चवड असते ना, तशी.

हे असे का होते? मातीचे घर पडते. त्याच जागी माती सपाट करून माणूस नवे घर बांधतो. चुलीची राख, फुटकी मडकी, शेण, कचरा तेथेच पडतो. शंभर वर्षांत जमीन थोडी वर चढते. हजार वर्षांत टेकाड होते. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना आणि सर्वांत वरचा सर्वांत नवा. जुन्या वस्तीचा शोध घेणारे लोक वरून खाली एकेक थर हलक्या हाताने काढतात आणि कोणती वस्तू कोणत्या थरात निघाली ते लिहून ठेवतात. तेरला १९५८ साली असे खोदकाम झाले. पुढेही झाले.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. वस्तू थरात असते तोवर ती बोलते. थरातून उपटली, की ती मुकी होते. मग ती पाचशे वर्षांची की दोन हजार वर्षांची, हे सांगणे कठीण जाते.

संध्याकाळी आम्ही त्रिविक्रमाचे देऊळ पाहिले. ते विटांचे आहे. मागचे टोक चौकोनी नाही, गोल आहे. छप्पर बैलगाडीवरच्या टपासारखे कमानीचे. अजिंठा-वेरूळची लेणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना चैत्याच्या लेण्याची आठवण होईल. पुष्कळ जाणकार म्हणतात, की हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे. आज तेथे विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे आणि गावकरी भक्तिभावाने पूजा करतात. महाराष्ट्रात उभ्या असलेल्या अत्यंत जुन्या विटांच्या इमारतींत याची गणना होते. मामांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "भाजणी चांगली हाय." शहर काही दिसले नाही, पण त्याच्या कारागिराचा हात लागला, असे आम्हाला वाटले.

३. दुसरा दिवस : मातीच्या वस्तू

दुसऱ्या दिवशी आम्ही संग्रहालयात गेलो. संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू जपून ठेवण्याचे घर. तेरच्या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. हे गृहस्थ तेरचेच. धंद्याने व्यापारी. पाऊस पडून गेला, की टेकाडांवरून खापरे, मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या उघड्या पडत. लोकांच्या लेखी तो कचरा. लामतुऱ्यांनी तो वेचला. वर्षानुवर्षे वेचला. हजारो वस्तू जमल्या. आज त्याच सरकारी संग्रहालयात आहेत, आणि देशोदेशीचे विद्वान त्या पाहायला तेरला येतात.

आत शिरताच मामांनी चष्मा लावला. प्रत्येक वस्तूखालच्या चिठ्ठीवर ते बोट ठेवून वाचू लागले. "म… णी. शं… खाच्या बां… गड्या." एक शाळकरी मुलगी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आजोबा, मी वाचून दाखवू का?" मामा म्हणाले, "नको बाय. दोन वर्सं ह्याच्यासाठी झिजवलीत."

मातीच्या बाहुल्यांपाशी मामा थांबले. पांढऱ्या, शाडूसारख्या बारीक मातीच्या त्या बाहुल्या. नाक, डोळे, केसांची गुंफण, दागिने, सारे स्पष्ट. मामा वाकून कडेने पाहू लागले. मग म्हणाले, "गुरुजी, ही हातानं घडवलेली न्हाई. दोन साचे हाईत. एक पुढचा, एक मागचा. हे बघा, कडेला जोडाची रेघ. आतून पोकळ आसंल."

चिठ्ठी वाचली. तेथे साच्याचाच उल्लेख होता. विद्वान म्हणतात, की दोन साच्यांत पोकळ बाहुली काढण्याची ही तऱ्हा रोमच्या मुलखाशी आलेल्या संबंधातून इकडे रुजली. आमच्या मामांनी कडेची रेघ पाहून साचा ओळखला. विद्या पुस्तकात असते, तशी हातातही असते.

पुढे मातीची वाटोळी पदके होती. त्यांवर रोमन नाण्यासारखा छाप. वर दोरा ओवायला भोक. गळ्यात घालायची. मामा म्हणाले, "सोन्याचं नाणं ज्याला परवडंना, त्यानं मातीचं घातलं. आपल्याकडं बेन्टेक्सचं घालतात, तसंच की!" आम्हाला हसू आले. पण विचार केला, तर ही केवढी गोष्ट आहे! दूर देशीच्या राजाचे नाणे येथे इतके ओळखीचे झाले होते, की गरिबाला त्याची नक्कल घालावीशी वाटली.

तेरच्या आणखी एका वस्तूची फार ख्याती आहे. येथील जुन्या देवळांच्या काही विटा पाण्यावर तरंगतात. आम्हाला ती थट्टा वाटली. मामांना वाटली नाही. ते म्हणाले, "मातीत भुसा लई घालायचा. भट्टीत भुसा जळतो, जागा रिकामी राहते. वीट हलकी होते. वरच्या कामाला बरी. भिंतीवर भार पडत न्हाई." जाणकारही हेच कारण सांगतात.

याच ठिकाणी आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली आणि मान खाली गेली. ती सांगितलीच पाहिजे.

आम्ही तरुणपणी एका खेड्यात मास्तर होतो. शाळेचे माळवद गळत होते. माळवदाला पांढरी माती लागते. गावाबाहेर जुने टेकाड होते. आम्ही मुलांना घमेली देऊन तेथे नेले. खणताना एक बोटभर मातीची बाहुली निघाली. साधारण अशीच. मुले भोवती जमली. आम्ही म्हणालो, "खेळा रे!" संध्याकाळपर्यंत तिचे तुकडे झाले. माती माळवदावर गेली. पुढे शाळेची नवी इमारत झाली आणि जुने माळवद पाडले. ती बाहुली कोणाची, कोणत्या काळची, तेथे कोणते गाव होते, हे आता कोणालाही कधी कळणार नाही. खण म्हणून सांगणारे आम्ही, आणि खेळा म्हणून सांगणारेही आम्हीच.

मामांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. बराच वेळ त्या कपाटापुढे उभे राहिले.

४. तीस दिवसांची वाट

त्या रात्री मुक्कामी मामांनी विचारले, "गुरुजी, खापरं सापडली, बाहुल्या सापडल्या, हे खरं. पण ह्या गावाचं नाव तगर होतं, हे कुणी सांगितलं? मडकं तर बोलत न्हाई."

प्रश्न लाखाचा होता. उत्तर असे आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मिसर देशात, म्हणजे आजच्या इजिप्तमध्ये, एक ग्रीक भाषा जाणणारा माणूस होता. बहुधा व्यापारी असावा. त्याचे नाव कोणाला माहीत नाही. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, वारा केव्हा सुटतो, खडक कोठे आहेत, हे त्याने एका वहीत लिहिले. त्या वहीला पेरिप्लस म्हणतात. तीत आपल्या मुलखाचीही नोंद आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, असे त्याने लिहिले. पैठणहून गोमेदासारखे खडे येतात आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल येते. हा सारा माल गाड्यांत घालून, जेथे धड रस्ते नाहीत अशा मुलखातून, भडोचला आणतात, असेही त्याने लिहिले.

पैठण तर आपल्याला ठाऊकच आहे. ती सातवाहन राजांची राजधानी. पण तगर कोठे? विद्वानांनी कितीतरी गावांची नावे घेतली. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर म्हटले. अखेर १९०१ साली फ्लीट नावाच्या इंग्रज विद्वानाने दाखवून दिले, की तगर म्हणजे तेरच. त्याच सुमारास कझिन्स नावाच्या अधिकाऱ्याने येथे येऊन देवळे आणि टेकाडे पाहिली. पुढे खोदकामांनी ते पक्के केले.

आता त्या कापडाच्या गाठोड्यामागे आपण मनाने चालत जाऊ. तेरला विणकराने कापड विणले. बैलगाडीत गाठोडे चढले. दहा दिवसांनी पैठण. आणखी वीस दिवसांनी भडोच. तेथे जहाज. आपल्याकडे पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा वाहतो. त्या वाऱ्यावर तिकडची जहाजे इकडे येत. हिवाळ्यात वारा उलटतो. त्या वाऱ्यावर जहाजे परत जात. म्हणजे ज्या पावसाची वाट आपण पेरणीसाठी पाहतो, त्याच पावसाच्या वाऱ्याची वाट ते खलाशी पाहत.

जहाज तांबड्या समुद्रात शिरे. माल उतरे, उंटांवर चढे, वाळवंट ओलांडून नाईल नदीवर येई. नदीतून अलेक्झांड्रिया शहरी जाई. हे शहर भूमध्य समुद्राच्या काठी आहे. युरोप आणि आफ्रिका यांच्या मध्ये जो समुद्र आहे, तो भूमध्य समुद्र. तेथून पुन्हा जहाज आणि मग इटली देश. तिकडून इकडे काय येई? द्राक्षाची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी.

इटलीत त्या काळी प्लिनी नावाचा एक लेखक होता. त्याने तक्रार लिहून ठेवली आहे, की हिंदुस्थान आपल्याकडून दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स हे त्यांचे नाणे. म्हणजे आपला माल तिकडे किती आवडत होता, ते पाहा.

त्याच इटलीत व्हेसुव्हियस डोंगराच्या पायथ्याशी पॉम्पेई नावाचे शहर होते. इसवी सन ७९ मध्ये तो डोंगर फुटला. राख आणि दगडांचा पाऊस पडला. सारे शहर गाडले गेले. वर सांगितलेला प्लिनी जहाजे घेऊन लोकांच्या मदतीला गेला आणि तेथेच मेला. पुढे सुमारे १७०० वर्षे ते शहर राखेखाली झोपले होते. १७४८ साली तेथे खोदकाम सुरू झाले.

आणि १९३८ साली त्या राखेतून काय निघावे? एक हस्तिदंती बाहुली. सुमारे वीतभर उंच. अंगावर आपल्याकडचे दागिने, पायांत तोडे, आजूबाजूला दोन दासी. ती हिंदुस्थानातून गेलेली! ती आज इटलीतील नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती बाहुली आपल्याकडे दोन ठिकाणी सापडली. एक जालना जिल्ह्यातील भोकरदनला. आणि दुसरी येथे, तेरला. लामतुऱ्यांच्या संग्रहातील ही सर्वांत नावाजलेली वस्तू. पॉम्पेईची बाहुली नेमकी कोठे घडली, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण तिची बहीण मराठवाड्यात आहे, यात शंका नाही.

मामा अंधारात उठून बसले. म्हणाले, "म्हंजे त्या खलाशानं वहीत लिहिलं न्हसतं, तर ह्या गावाला नाव राहिलं न्हसतं. आणि लामतुऱ्यांनी वेचलं न्हसतं, तर पुरावा राहिला न्हसता."

आम्ही म्हणालो, "बरोबर बोललात, मामा. एकाने लिहिले, एकाने वेचले. दोघांनी मिळून एवढे मोठे शहर राखले."

५. तिसरा दिवस : विटा कोठे गेल्या

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा टेकाडाकडे गेलो. आता तेच टेकाड निराळे दिसले. पायाखाली विणकरांची घरे, मणी करणाऱ्यांच्या भट्ट्या, बाजार, गाड्यांचा तळ, असे सारे असल्यासारखे वाटू लागले. पाय टाकतानाही जपून टाकावासा वाटला. पहिल्या दिवशी हेच डोळे होते, पण पाहणे नव्हते.

बांधावर एक म्हातारे शेतकरी भेटले. तंबाखू मळता मळता बोलणे निघाले. ते म्हणाले, "आमच्या बापजाद्यांच्या वेळी गाड्याच्या गाड्या माती नेली. घराला नेली, शेताला खत म्हणून नेली. मोठमोठ्या विटा निघायच्या, त्या भिंतीत घातल्या. कुणाला काय ठावं? आता कळतंय, पण गेलेलं येत न्हाई."

त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. आम्ही स्वतः तेच केले होते, आणि तेही मास्तर असून.

पाहा, पॉम्पेई एका दिवसात राखेखाली गेले. त्यामुळे ते जसेच्या तसे राहिले. आपली जुनी गावे सावकाश मातीखाली गेली, आणि सावकाश घमेल्या-घमेल्याने उचलली गेली. डोंगराने गाडले ते राहिले. माणसाने खणले ते गेले. पूर्वी घमेली होती. आता यंत्र आहे. जे टेकाड हजार वर्षांत चढले, ते यंत्राने दोन दिवसांत सपाट होते.

मामा परतीच्या गाडीत फार बोलले नाहीत. लातूर आल्यावर म्हणाले, "गुरुजी, पुतण्याला काय सांगू? त्याला मोटार पायजे. हे काय खोटं कारण न्हाई."

आम्ही म्हणालो, "नाही, खोटे नाही."

"आन् त्या टेकाडात काही नसलं तर?"

"नसेलही. पण मामा, गोरोबांची कथा तुम्हीच सांगता."

मामा हसले. म्हणाले, "वाजवून बघितल्याबिगर कळत न्हाई."

६. बोरीत परत

बोरीला आल्यावर मामा, त्यांचा पुतण्या आणि आम्ही त्या टेकाडावर गेलो. बाभळीखाली खापरे पडली होती. मामांनी चार उचलली, बोटाने वाजवली, कड पाहिली. एक तांबडे, चकचकीत, फार पातळ होते. मामा म्हणाले, "हे माझ्या बापाच्या हातचं न्हाई आन् आज्याच्या हातचं बी न्हाई. असं पातळ आम्हाला जमत न्हाई." खापर किती जुने, ते जाणकारांनीच सांगावे. पण ते पाहण्याजोगे आहे, एवढे कुंभाराला कळले. खापरे त्यांनी जेथल्या तेथे ठेवली.

पुतण्या म्हणाला, "काका, सरकारला कळवलं आणि त्यांनी शेतच घेतलं तर?"

ही भीती पुष्कळांना असते. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. १८७८ साली केलेला एक कायदा आहे. जमिनीत पुरलेले धन किंवा मोलाची वस्तू सापडली आणि तिचे मोल दहा रुपयांहून अधिक असले, तर सापडणाऱ्याने कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. काय सापडले, कोठे सापडले, कोणत्या तारखेला सापडले, हे त्यात लिहावे. लपवणाऱ्याला शिक्षा आहे. सरकारला ती वस्तू ठेवायची असली, तर ज्याचा तिच्यावर हक्क ठरतो त्याला तिच्या धातूची वा मालाची किंमत आणि वर त्या किमतीचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद आहे. हा कायदा वस्तूंविषयी आहे. वस्तू कळवल्याबद्दल शेत घ्यावे, असे त्यात कोठेही नाही.

नुसत्या खापरांना मोल नसते. त्यांच्यासाठी हा कायदा लागू होतो असेही नाही. पण जुन्या वस्तीची जागा कळवायला कोणाची मनाई आहे? राज्याचे पुरातत्त्व खाते आहे. तहसील कचेरीतही अर्ज देता येतो.

पुतण्या नाखूश होता, आणि अजूनही थोडा आहे. मोटारीचे पैसे राहिले, हे खरे आहे. ते आम्ही येथे लपवीत नाही. पण त्याने वीटभट्टीवाल्याला सांगितले, की जाणकार पाहून जाईपर्यंत माती देत नाही. चुलत्याचा शब्द त्याने मोडला नाही.

मग अर्जाची वेळ आली. आम्ही म्हणालो, "मामा, आणा कागद, आम्ही लिहून देतो."

मामा म्हणाले, "न्हाई गुरुजी. टेकाड आमचं, अर्ज बी आमचा. तुम्ही निस्तं चुका सांगा."

तो अर्ज लिहायला दोन रात्री लागल्या. चार कागद फाटले. 'टेकाड' या शब्दाचा काना दोनदा राहिला. अखेर स्वच्छ प्रत झाली. गट नंबर लिहिला, दिशा लिहिली, काय दिसते ते लिहिले. खाली सही केली. आजवर ते अंगठा देत आले होते. कचेरीच्या कागदावर त्यांची ही पहिली सही. शिक्का मारलेली पोच त्यांनी देव्हाऱ्यामागे जपून ठेवली आहे.

आता आमच्या वर्गात एक वही ठेवली आहे. तिच्यावर 'बोरी गावची वही' असे लिहिले आहे. दर शनिवारी एक जण तिच्यात एक गोष्ट लिहितो. कोणी जुन्या विहिरीची लिहितो. कोणी आजीने सांगितलेली दुष्काळाची लिहितो. कोणी शेताचे जुने नाव आणि ते का पडले ते लिहितो. एका बाईने जात्यावर बसून आईने काय काय सांगितले ते लिहिले. शुद्धलेखन चुकते. चुकू द्या. त्या खलाशाचेही ग्रीक फार शुद्ध नव्हते, असे विद्वान म्हणतात. पण त्याने लिहिले म्हणून तगर राहिले.

वाचकहो, तुमच्याही गावाला पांढर असेल, गढी असेल, पडका बुरूज असेल. तेथे माती काढायला जाल तेव्हा आधी थांबून पाहा. काही निघाले तर मुलांच्या हाती देऊ नका, विकू नका. जेथे निघाले ती जागा लिहून ठेवा आणि कळवा. लिहायला तुम्ही आता शिकला आहात.

विचार करा आणि सांगा

१. टेकाडातील सर्वांत जुना थर कोठे असतो? का?
२. तेरहून निघालेले कापड भडोचला पोहोचायला किती दिवस लागत? बेरीज करून सांगा.
३. मामांनी बाहुलीचा साचा कशावरून ओळखला?
४. वीटभट्टीवाल्याला माती दिली असती, तर पुतण्याला काय मिळाले असते? काय गेले असते? दोन्ही बाजू सांगा.
५. तुमच्या गावातील एका जुन्या जागेविषयी पाच ओळी लिहा. खाली तारीख घाला आणि सही करा.